त्यांच्या यादीत तुमचं नाव

मागच्या अंकात या सदराखाली एकच ओळ छापली होती: समाजमाध्यमांवर वाईट अनुभव आला असेल तर कळवा. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांच्या पहिल्याच ओळीत होतं, "कृपया नाव छापू नका." कुणाचंही नाव छापलेलं नाही. मी स्वतः नऊ वर्षं जाहिरातीच्या धंद्यात काढली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कंपन्यांना गिऱ्हाइकं शोधून देणं हे माझं काम होतं. त्यामुळे काही उत्तरांत तिथलं आतलं बोलणं येईल. ते सांगणं मला माझं देणं वाटतं.

मी १९ वर्षांचा आहे. इन्स्टाग्रामवर एका मुलीशी ओळख झाली. चौथ्या दिवशी तिने स्वतःचे खासगी फोटो पाठवले आणि माझा मागितला. मी पाठवला. दहा मिनिटांत माझ्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आला. त्यात आई, मामा आणि कॉलेजचे सर यांच्या नावांभोवती लाल गोल काढले होते. पैसे मागितले, मी दिले. आता पुन्हा मागतायत. घरी सांगायची हिंमत नाही.

तुला मी त्याच रात्री मेल केला होता. आता तुझ्या परवानगीने इथे छापते आहे, कारण तुझ्यासारखी आणखी तीन पत्रं आली आहेत.

आणखी एक पैसाही देऊ नकोस. एकदा दिलेस म्हणून त्यांच्या लेखी तू 'देणारा' ठरलास, आणि देणाऱ्याचा पिच्छा ते सोडत नाहीत. फोटो डिलीट करू असं ते म्हणतात, पण तो शब्द पाळण्यासारखं त्यांच्याकडे काही कारणच नाही. घाईघाईने चॅट पुसून टाकू नकोस. सगळ्या मेसेजचे, त्या प्रोफाइलच्या नावाचे आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव. मग इन्स्टाग्रामवर तक्रार कर आणि त्यानंतर ब्लॉक कर. हाच क्रम ठेव, म्हणजे पोलिसांकडे जाताना हातात पुरावा राहील. तुझं अकाउंट लगेच प्रायव्हेट कर.

'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक मोफत सेवा २०२१ पासून चालू आहे. त्यात तुझा फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्या फोटोचा एक अंकांचा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक अशा सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कुणी तिथे चढवायला गेलं तर तो ओळखून अडवता येतो. फोटोतल्या माणसाचं वय त्या वेळी १८ पेक्षा कमी असेल तर त्यासाठी २०२३ मध्ये सुरू झालेली 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे.

आणि घरातल्या एका तरी माणसाला आजच सांग. आईला सांगता येत नसेल तर मामाला सांग, त्याच्या नावाभोवतीही लाल गोल आहेच. घरी कळेल याच भीतीवर ही धमकी उभी आहे. घरी कळलेलं असलं तर त्यांच्याकडे काय उरतं? जीव नकोसा झाल्यासारखं वाटत असेल तर आज रात्री एकटा राहू नकोस. कुणाच्या तरी शेजारी जाऊन बस आणि तोंडाने सांग.

हे वाचणाऱ्या आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलगा असं काही सांगायला आला तर "फोटो पाठवलासच का?" हा प्रश्न तेव्हा विचारू नका. तो त्याने स्वतःला शंभर वेळा विचारलेला असतो.

आम्ही नवरा-बायको घरात गुडघेदुखीबद्दल बोलत होतो. फोन टेबलावर पडला होता. संध्याकाळी फेसबुकवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात! फोन आपलं बोलणं ऐकतो, हे खरं ना?

हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. माइक गुपचूप चालू करून बोलणं बाहेर पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर चाललेल्या हालचालींचं चित्रीकरण परस्पर तिसऱ्याच कंपनीला पाठवत असल्याचं सापडलं.

मग पट्टा कसा आला? तुमच्या मिस्टरांनी बहुधा त्याआधी कुठेतरी गुडघ्याबद्दल शोधलं असेल. तुम्ही दोघं एकाच वायफायवर असता. तुमचं वय फेसबुकला माहीत आहे. एखाद्या व्यायामाच्या व्हिडिओवर तुमचा अंगठा दोन सेकंद जास्त थांबला असेल, तेही नोंदलं जातं. वस्तू विकणाऱ्या बऱ्याच वेबसाइटच्या पानांत फेसबुकचा एक छोटा कोड बसवलेला असतो. तुम्ही काय पाहिलंत, हे तो तिकडे कळवतो. इतकं सगळं हाताशी असताना तुमचं बोलणं ऐकायची गरजच पडत नाही.

आमच्या ऑफिसातला एक प्रसंग सांगते. एका कंपनीने तिच्या चारेक हजार जुन्या गिऱ्हाइकांची यादी आम्हाला दिली. यादीत फक्त फोन नंबर आणि ईमेल. ती मी फेसबुकच्या जाहिरात विभागात चढवली आणि 'लूकअलाइक' नावाचं बटण दाबलं. त्या चार हजारांसारखीच वागणारी लाखो माणसं यंत्राने शोधून दिली. ती कशावरून 'सारखी' आहेत, हे यंत्र सांगत नाही. मूळ यादीत शंभर माणसं असली तरी काम होतं. तेव्हा मला आपल्या कामाचा अभिमान वाटला होता. पुढे एके दिवशी लक्षात आलं की शंभर फसलेल्या माणसांची यादी कुणाकडे असेल तर त्यालाही हेच बटण दाबता येतं. त्या दिवसापासून त्या कामात माझं मन लागलं नाही.

ही भीती पोकळ नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक असलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली. फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून २०२४ च्या उत्पन्नाचा सुमारे १० टक्के भाग येईल, असा अंदाज कंपनीतच मांडला गेला होता. फसव्या जाहिरातीवर एकदा क्लिक केलेल्या माणसाला तशाच आणखी जाहिराती दिसण्याची शक्यता वाढते, हेही त्यात होतं. हा आकडा ढोबळ आणि वाजवीपेक्षा जास्त आहे, कागदपत्रांतून एकांगी चित्र उभं राहतं, असं कंपनीचं म्हणणं आहे. मला स्वतःला त्या आकड्यापेक्षा क्लिकची गोष्ट जास्त अस्वस्थ करते. जो एकदा भुलला त्याच्याच दारात पुढचा फसवणारा आणून उभा केला जातो, आणि हे कुणी मुद्दाम बसून करत नाही. जो क्लिक करतो त्याला तसंच दाखवत राहायचं, एवढंच यंत्राला शिकवलेलं आहे.

करायचं काय? फेसबुकच्या 'अकाउंट्स सेंटर'मध्ये जाऊन इतर वेबसाइट आणि ॲपनी तुमच्याबद्दल पाठवलेली माहिती पाहा. ती पुसता येते आणि पुढची जोडणीही तोडता येते. यादी लांबलचक असेल, घाबरू नका. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपला कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी दिली आहे ते बघा. कॉन्टॅक्ट्सचं मला फार वाटतं, कारण तिथे तुम्ही दुसऱ्यांची माहिती त्यांना न विचारता देऊन टाकता. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीकडे फेसबुकवरची माहिती गेल्याचं प्रकरण २०१८ मध्ये गाजलं ते आठवत असेल. ती माहिती ज्यातून गेली ते व्यक्तिमत्त्व चाचणीचं ॲप साधारण २ लाख ७० हजार लोकांनीच घेतलं होतं, पण त्यांच्या मित्रयादीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. त्यातल्या बहुतेकांनी त्या ॲपचं नावही ऐकलेलं नव्हतं. २०१९ मध्ये फेसबुकला अमेरिकेत ५ अब्ज डॉलर दंड झाला. गेलेली माहिती काही परत आली नाही.

जुन्या मित्राच्या व्हॉट्सॲपवरून मेसेज आला, "माझा सहा अंकी कोड चुकून तुझ्याकडे गेलाय, पाठव ना." मी पाठवला आणि माझंच व्हॉट्सॲप बंद पडलं. माझ्या नावाने सगळ्यांकडे पैसे मागणं सुरू आहे. मी संगणक अभियंता आहे, हे लिहायलाही शरम वाटते.

तो कोड तुमच्याच नंबरचा होता. तुमचं अकाउंट दुसऱ्या फोनवर सुरू करण्यासाठी तो मागवला होता. मित्राचं अकाउंट आधीच गेलेलं असणार.

व्हॉट्सॲप पुन्हा टाका, आपला नंबर घाला आणि नवा येणारा कोड भरा. तेवढ्याने समोरचा बाहेर फेकला जातो. त्याने मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण तो तरी आत राहत नाही. मग 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', म्हणजे तुमचा स्वतःचा पिन, लावा आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी फोन किंवा संगणक जोडलेला नाही ना, ते पाहा. तोपर्यंत जवळच्या माणसांना फोन करून, आवाजाने सांगा. मेसेजवर कुणी का विश्वास ठेवावा?

शरमेचं म्हणाल तर जुलै २०२० मध्ये ट्विटरच्या कर्मचाऱ्यांनाच कुणीतरी फोन करून, आपण त्यांच्याच कंपनीच्या तांत्रिक विभागातून बोलतो आहोत असं भासवून आतला प्रवेश मिळवला. बराक ओबामा, इलॉन मस्क यांच्या अकाउंटवरून बिटकॉइन मागितले गेले आणि काही तासांत लाख डॉलरहून अधिक गोळा झाले. त्यामागचा मुख्य आरोपी १७ वर्षांचा होता. फसलेले ते कर्मचारी तर पोटापाण्यालाच हे सांभाळत होते. तुम्ही मित्राच्या नावावर विश्वास ठेवलात, यात तुमच्या शिक्षणाचा काय दोष?

वडील निवृत्त झाल्यापासून दिवसभर मोबाइलवर असतात. भडक, खोट्या गोष्टी फॉरवर्ड करतात. चूक दाखवली की चिडतात. घरात बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे.

कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत त्यांना खोटं पाडणं आधी थांबवा. तिथे त्यांना स्वतःचा मान राखायचा असतो आणि तुम्हाला तुमचा. संध्याकाळी शेजारी बसा, त्यांचाच फोन हातात घ्या आणि त्या मेसेजवरचे दुहेरी बाण दाखवा. अनेकदा पुढे ढकलत आलेल्या मेसेजवर ती खूण असते, आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. "हा लिहिणारा माणूस कोण असेल, बाबा?" एवढंच विचारा. उत्तर त्यांना शोधू द्या.

त्यांचा राग पूर्णपणे त्यांचा नाही, हेही तुम्ही मनात ठेवा. कोणतं लिखाण लोकांना आधी दाखवायचं हे ठरवताना २०१७ मध्ये फेसबुकने साध्या लाइकच्या पाचपट वजन रागाच्या चेहऱ्यासारख्या इमोजींना दिलं होतं. कंपनीतून बाहेर पडलेल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये कागदपत्रं उघड केली तेव्हा हे जगाला कळलं. तोवर रागाच्या चेहऱ्याचं वजन कंपनीने शून्यावर आणलं होतं, पण मधल्या काळात चीड आणणारं लिखाण अधिक पुढे ढकललं गेलं. ट्विटरवरचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त, आणि हे यंत्रांपेक्षा माणसंच अधिक करतात, असं त्यात निघालं. वडिलांना दिवसभर बोलायला कुणी असतं का, हे मात्र तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

वय ५८. पती जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्या आठवणी मी फेसबुकवर लिहायचे. एका गृहस्थांची रिक्वेस्ट आली. जहाजावर इंजिनिअर, पत्नी कर्करोगाने गेलेली. तीन महिने रोज बोललो, पैशाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मग म्हणाले, मी एका ॲपवर गुंतवणूक करतो. थोडे पैसे घातले, नफ्यासकट परत मिळाले. नंतर मी ठेवी मोडल्या. आता पैसे काढायचे तर आधी कर भरा म्हणतात. मुलाला सांगितलेलं नाही. एक जण फी घेऊन सगळे पैसे मिळवून देतो म्हणतोय. काय करू? आणि त्यांना माझ्या मनातलं कसं कळत होतं?

ताई, आधी दोन नकार. तो 'कर' भरू नका आणि फी घेणाऱ्या त्या माणसालाही काही देऊ नका. कर असा ॲपवाल्याकडे आगाऊ भरायचा नसतो. पैसे मिळवून देणारा हा बहुतेक वेळा त्याच टोळीतला असतो, नाहीतर तुमचं नाव त्याने त्यांच्याकडून विकत घेतलेलं असतं. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात.

आता बँकेला फोन करा. उद्यावर टाकू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, किती पैसे गेले हे कागदावर लिहा आणि त्याच कागदावरून सायबर पोलिसांत तक्रार द्या. शेवटचा व्यवहार जितका ताजा तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. जुने पैसे परत येतीलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. बऱ्याचदा येत नाहीत. ॲपवर जो फुगलेला आकडा दिसतो तो नुसता पडद्यावर लिहिलेला आकडा आहे, त्यामागे गुंतवणूक नाही. पहिल्यांदा मिळालेला 'नफा' त्यांनीच खिशातून दिला होता, तुम्ही ठेवी मोडाव्यात म्हणून.

तुम्ही पाठवलेलं सगळं चॅट मी दोन रात्री बसून वाचलं, आणि तुमचं जुनं फेसबुकही. मार्चमध्ये तुम्ही लिहिलं होतं की पहाटे चारला जाग येते आणि शेजारची उशी बघवत नाही. ते पोस्ट 'पब्लिक' होतं, म्हणजे कुणीही वाचू शकत होतं. त्याचा तुम्हाला आलेला पहिला मेसेज पहाटे ४ वाजून १० मिनिटांचा आहे: "झोप येत नाही. तुम्हीही जाग्या असाल असं उगीच वाटलं." मिस्टरांना जुनी नाट्यगीतं आवडायची हे तुम्ही जूनमध्ये लिहिलंत आणि आठवड्याभरात त्यालाही नाट्यगीतं आवडू लागली. मनातलं त्याला काहीच कळत नव्हतं, ताई. तुम्ही लिहिलेलं तो वाचत होता.

आणखी एक गोष्ट मला दिसली. सकाळचे मेसेज लांब, सरळ, वेलांट्यांसकट शुद्ध आहेत. रात्रीचे तुटक, मशीनने भाषांतर केल्यासारखे, आणि त्यात दोनदा तुमच्या मुलाऐवजी मुलीची चौकशी आहे. तिकडे एकापेक्षा जास्त माणसं पाळीपाळीने लिहीत असावीत. अशा टोळ्यांची मोठमोठी आवारं आग्नेय आशियात आहेत. तिथे नोकरीच्या आमिषाने आणून डांबलेल्या माणसांकडून हे काम करून घेतलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी अडकलेली असू शकतात, असं म्हटलं होतं. तुमच्याशी बोलणाऱ्यांपैकी कुणी तसा होता का, हे सांगता येणार नाही. फोटोतला तो इंजिनिअर मात्र यातला नसणार. ती छायाचित्रं तिसऱ्याच कुणाच्या तरी प्रोफाइलवरून उचललेली असतात, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

तीन महिने पैशाचा विषय न काढणं हाच या फसवणुकीचा मोठा भाग असतो. तुम्ही जे बोललात ते खरं होतं. त्याची तुम्हाला लाज वाटू नये, असं मला मनापासून वाटतं. मुलाला सांगायला शब्द सुचत नसतील तर हे पान त्याच्या हातात द्या आणि तो वाचेपर्यंत तिथेच बसा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, मिस्टरांबद्दल लिहिलेलं सगळं पुसून टाकू का? पुसू नका. फेसबुकच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जुनी पोस्ट मर्यादित करण्याचा पर्याय आहे. एकदा दाबला की आजवरची सगळी 'पब्लिक' पोस्ट फक्त मित्रांपुरती होतात. त्याआधी मित्रयादी एकदा वरपासून खालपर्यंत बघा आणि ज्यांना प्रत्यक्ष ओळखत नाही त्यांना काढा. तुमच्या यादीत ३१२ नावं आहेत. मुलाला शेजारी घेऊन बसलात तर एका दुपारचं काम आहे.